चार नंबरचे पांढरे बूट

ताई,

गुरुजींनी फोनवर बाराव्याच्या दानाचं सामान सांगितलं. छत्री, आसन, तांब्या आणि चपला. मी सगळ्याला 'हो, हो' म्हणत होतो, चपलांपाशी अडकलो. म्हटलं, "चपला नकोत. बूट चालतील का?"

"बूट? कसले बूट?"

"कॅनव्हासचे. पांढरे, नाडीचे."

 बहीण गेली आणि म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं त्यांना वाटलं असणार. म्हणाले, "आणा तुम्ही, मग बघू." गुरुजी वयानं माझ्या लेकीएवढे, आपल्या सईएवढे असतील, पण 'मग बघू' असं म्हणतात की समोरच्याला आपण शाळेतलं पोर वाटावं.

बाराव्याला ब्राह्मणाच्या हाती पायताण द्यायचं, म्हणजे गेलेल्या माणसाला पुढची वाट अनवाणी तुडवावी लागत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आजोबांच्या वेळी चामड्याच्या वहाणा दिल्या होत्या. आईच्या वेळी मी बाजारातून निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला उचलून आणल्या आणि तू माझ्यावर अशी उखडलीस की सांगायची सोय नाही. "पाच मैल तरी टिकतील का रे या? आणि वाट केवढी!" म्हणालीस. देवाधर्माचं तुला फारसं काही नव्हतं. पण चालायचं म्हटलं की पायात काय आहे, हा प्रश्न तुझ्यासाठी देवापेक्षा मोठा होता.

आणि दवाखान्यात तर तू मला सरळ विचारलंस. तुझ्या खाटेखाली त्यांनी तसल्याच निळ्या सपाता ठेवल्या होत्या. त्यांच्याकडे बघून तू म्हणालीस, "बाळ्या, माझ्या नावानं असलं काही देऊ नकोस. मी बुटांतच चालणार."

"गप गं. सोमवारी घरी सोडतायत तुला."

"कधी सोडतायत ते विचारलं नाही. बूट देशील का, ते विचारलं."

आणि मी मोसंबं सोलायला घेतलं. 'हो' म्हणायला काय जात होतं माझं? पण 'हो' म्हटलं की तू जाणार हे कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि ते मी त्या खोलीत कबूल करणार नव्हतो. तूही पुन्हा विचारलं नाहीस. मोसंबं आंबट निघालं, एवढंच म्हणालीस. सोमवार यायच्या आतच तू गेलीस. तेव्हा हे बुटांचं प्रकरण माझ्या गळ्यात तसंच राहिलं, आणि ते पार पाडल्याशिवाय मला चैन पडणार नव्हती.

तुझे पहिले बूट मला आठवतात. घडियाळी पोळ म्हणजे ती अरुंद गल्ली, तिच्या तोंडाशी मगनकाकांचं दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यात थांबायचं एवढं. त्यांचा नियम असा की गिऱ्हाइकानं बूट घालून पोळीच्या आतपर्यंत जायचं आणि परत यायचं, त्याशिवाय बूट बांधून द्यायचे नाहीत. "पग बोलशे, माणस नहीं," म्हणायचे, पाय सांगेल, माणूस नाही. बाकीची मुलं लाजत लाजत चार पावलं टाकून यायची. तू धावत सुटलीस. गायी, ओटे, पापड वाळत घातलेल्या खाटा, सगळं चुकवत पार टोकापर्यंत गेलीस आणि तशीच परत आलीस. मगनकाका आईला म्हणाले, "आ छोकरीने बीजुं कंई पहेरावता नहीं." या पोरीला दुसरं काही घालू नका, हे त्यांनी गमतीत म्हटलं, तू मात्र आयुष्यभर मनावर घेतलंस.

तेव्हा तो बूट म्हणजे शाळेचा बूट. वर पांढरं कापड, खाली रबर, पुढे नाकावर रबराचीच एक टोपी. कवायतीच्या दिवशी पांढरा हवा म्हणून आदल्या संध्याकाळी घरोघरी खिडकीत बूट वाळत. पॉलिश संपलं की खडू भिजवून फासायचा. आपल्या घरात तर त्याचा संस्कारच व्हायचा. आजोबा संस्थानच्या पलटणीत होते. पितळी बक्कल चमकवण्यात त्यांची हयात गेली, आणि पलटण मोडल्यावर चमकवायला काही उरलं नाही म्हणून ते तुझ्या बुटांवर तुटून पडायचे. "सैन्य पोटावर चालतं म्हणतात ते मुदपाकवाले," असं सांगायचे. "सैन्य बुटांवर चालतं." तू ते इतक्या गंभीरपणे ऐकायचीस की मला हसू यायचं, आणि मी हसलो की आजोबांच्या आधी तूच माझ्या पाठीत धपाटा घालायचीस.

मग तू मुलींच्या शाळेत व्यायामशिक्षिका झालीस. बाईंनी साडीच नेसायची असा शाळेचा दंडक. ठीक आहे म्हणालीस. पाचवारी नेसलीस, घोट्याच्या वर चापून, आणि खाली तेच पांढरे बूट. पहिल्या दिवशी बाबा दारात उभे राहून तुला पाठमोरी बघत होते.  मोठ्या बाईंनी तुला बोलावून सांगितलं, "कुमुदबेन, शोभतुं नथी." तू म्हणालीस, "बेन, चपला घालून मी मुलींना पळवणार कशी? त्या पुढे जातील आणि मी चप्पल शोधत बसेन." 

शहरात त्या काळी साडीवर बूट घालणाऱ्या दोनच बायका होत्या असं सुनंदा म्हणते. एक तू आणि दुसरी सर्कशीतली. सुनंदाचा तुझ्याशी परिचयच बुटांपासून झाला. आमची वरात तिच्या दारात आली तेव्हा ती माडीवरून बघत होती. नवरा बघायचा सोडून करवलीच्या पैठणीखालचे पांढरे बूट बघत बसले, असं ती अजून सांगते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं तुला विचारलं होतं, "ताई, तुम्ही झोपताना तरी काढता ना?" आणि तू म्हणालीस, "तुझ्या नवऱ्याला विचार. लहानपणी बूट उशाशी घेऊन कोण झोपायचं ते." झोपायचीस तूच! पण तिनं माझ्यावरच विश्वास ठेवला नाही. नणंदभावजया एक झाल्या की नवऱ्याची बाजू ऐकायला कोर्टही मिळत नाही.

तुला बघायला आलेल्या त्या मंडळींची गोष्ट मात्र आपण कधी निकालात काढली नाही. मुलगा चांगला होता, बँकेत होता, शांत होता. त्याच्या आईनं आत येताना दारातले बूट पाहिले आणि पोह्यांची बशी हातात घेता घेता विचारलं, "हे लग्नानंतरही घालणार का?" तू म्हणालीस, "लग्नानंतर पळावं लागेल असं दिसतंय. तेव्हा असू देत." बाबांनी कपाळाला हात लावला. आई स्वयंपाकघरात पदर तोंडात धरून हसत होती, मी स्वतः बघितलं. स्थळ अर्थातच गेलं. मी पुढे कितीदा म्हटलं की तू ते मुद्दाम केलंस, तुला लग्नच करायचं नव्हतं. तू प्रत्येक वेळी म्हणायचीस, "प्रश्न विचारला, उत्तर दिलं." एकदाच, आई गेल्यानंतर, भांडी पुसता पुसता तू म्हणालीस, "मुलगा बरा होता रे. पण त्यानं आईकडे बघितलं, माझ्याकडे नाही." पुढे काही विचारावं तर तू घागर भरायला निघून गेलीस. मी इतकी वर्षं तुला चिडवत होतो आणि तू ते इतकी वर्षं जवळ ठेवून होतीस. त्यानंतर त्या गोष्टीवरून मी तुला कधी चिडवलं नाही. तुझ्या लक्षात आलं होतं का?

माझी नोकरी नंदेसरीला, रसायनांच्या कारखान्यात. तिथले आमचे बूट म्हणजे लोखंडी नाकाचे, काळे, गुडघ्याशी भांडणारे. पहिल्या दिवशी मी ते घालून घरी आलो तेव्हा तू एक उचलून वजन केलंस आणि म्हणालीस, "यात पाय आहे की कैदी?" वासामुळे ते कायम बाहेर गॅलरीत. दाराच्या आत तुझे पांढरे, दाराच्या बाहेर माझे काळे. पोस्टमन म्हणायचा, या घरात एक शाळा आहे आणि एक फॅक्टरी.

मग त्या बुटाचे दिवस फिरले. जाड तळाचे, रंगीत, फुगीर बूट आले. ज्याच्या पायात साधे पांढरे कॅनव्हासचे, तो गरिबाघरचा, असं पोरांनी ठरवून टाकलं. शाळांनी कवायतीलासुद्धा काळे पट्टीचे बूट लावले. तुझ्याच शाळेतल्या मुली तुला म्हणाल्या, "बेन, आ तो जुना जमानाना." तू त्यांना मैदानाला जास्तीची एक फेरी मारायला लावलीस. पण घरी आल्यावर जेवली नाहीस. मगनकाकांच्या मुलानं एक दिवस सांगितलं, "बेन, हवे आवता नथी." आता येतच नाहीत म्हटल्यावर तू दुकानात तुझ्या नंबरचे जेवढे शिल्लक होते तेवढे सगळे घेतलेस आणि लोखंडी कपाटात नीट लावून ठेवलेस. वर्तमानपत्रात गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून. उरलेल्या जन्माची सोय झाली, असं जाहीर केलंस.

हे आपल्या घराण्याचं खास. चांगली वस्तू वापरायची नाही, ठेवायची. आईच्या काचेच्या बशा पाहुण्यांसाठी होत्या आणि पाहुणा कधी तेवढा मोठा आलाच नाही. आजोबांचा फेटा मुंजीसाठी ठेवला, तो कसरीनं बांधला. तूही तेच केलंस. निवृत्त झाल्यावर एका सकाळी कपाटातला पहिला जोड काढून थाटात कमाटीबागेत फिरायला गेलीस, आणि पक्ष्यांच्या पिंजऱ्यांजवळ एका बुटाचा तळ मागेच राहिला. रिक्षातून घरी आलीस, एका हातात तळ, दुसऱ्या हातात पिशवी. बाकीचे जोड काढून बघितले तर सगळ्यांची तीच गत. रबर बिस्किटासारखं तुटत होतं. मी हसायला लागलो, ते थांबेना. तू आधी रागावलीस आणि मग तूही हसायला लागलीस, जमिनीवर बसून, मांडीवर तुकडे घेऊन. "वापरले असते तर टिकले असते रे मेले," म्हणालीस. सुनंदानं दुसऱ्याच दिवशी काचेच्या बशा रोजच्या वापरात काढल्या. त्यातल्या दोन फुटल्या, त्याही माझ्याच हातून.

त्यानंतरची काही वर्षं तू डॉक्टरांनी सांगितलेले काळे, फुगे लावल्यासारखे बूट घालत होतीस. त्यांना तू 'पेशंट' म्हणायचीस. "चला पेशंट, दूध आणायला."

आणि मग माझी सई एक दिवस ऑफिसातून आली ती पायात तेच घालून. तेच पांढरं कापड, तीच रबरी टोपी. तू वाचत होतीस, चष्म्यावरून बघितलंस आणि उभीच राहिलीस. फक्त ते बूट मळके होते. कडेला माती, नाकावर डाग, तळाला काळपट पट्टा. दुपारी सई झोपली आणि तू ते मोरीत नेलेस. दात घासायची पावडर, जुना ब्रश, लिंबू. तासभर खपलीस. सई उठली तेव्हा गॅलरीत बूट बगळ्यासारखे वाळत होते आणि तू कौतुकाची वाट बघत शेजारी बसली होतीस.

"आत्या! अगं ते मुद्दाम तसे होते!"

"मुद्दाम कोण मळवतं?"

"कंपनी! ते तसेच येतात!"

तुझा चेहरा! मळलेला बूट नवा म्हणून विकतात, हे तुला पटवायला आम्हां तिघांना संध्याकाळ लागली. "म्हणजे डाग कारखान्यात पाडतात? माणसं लावून?" तू पुन्हा पुन्हा विचारत होतीस. सई रडकुंडीला आली होती, पण तू "थांब, मी पुन्हा मळवून देते, समाच्या तळ्याला एक फेरी मारते," म्हणालीस तेव्हा तीही हसत सुटली.

पुढच्या दिवाळीला तिनं तुझ्यासाठी साधे पांढरे आणले, डाग नसलेले, चार नंबरचे. तू ते वाकवलेस, दाबलेस, नाकाशी धरून रबराचा वास घेतलास. मग निकाल दिलास, "हा तो नव्हे. हा त्याचा नातू. नाक आजोबांचं आहे, गुण कुणाचे ते कळेल."

मी म्हटलं, "अगं तोच आहे. परत आलाय."

"तळ जाड आहे. जीभ मऊ आहे. आतमध्ये गादी घातलीय. तो आपला असा लाडावलेला नव्हता."

"तू तरी तीच आहेस का?"

"मी तीच आहे," म्हणालीस, आणि घालून बाहेर पडलीस. त्या दिवसापासून 'पेशंट' कपाटात गेले.

गेल्या नवरात्रात आपण गरबा बघायला गेलो ती संध्याकाळ आठवते ना? मैदानाच्या दारात चणियाचोळीतल्या मुलींची रांग, आणि निम्म्यांच्या पायांत पांढरे कॅनव्हासचे. त्यांनी तुझी साडी बघितली, खाली बूट बघितले आणि कुठून घेतले हे विचारायला तुझ्याभोवती गोळा झाल्या. "आंटी, मस्त लागे छे! क्यांथी लीधा? एक फोटो?" तू मधोमध उभी राहिलीस, हनुवटी वर करून, सवयीनं सावधान. मग मैदानाच्या कडेला बूट काढलेस, नाड्या एकमेकींत बांधून माझ्या हातात दिलेस आणि अनवाणी गरब्यात शिरलीस. मी म्हटलं, "एवढे मिरवलेस, आता काढलेस का?" म्हणालीस, "माताजीसमोर अनवाणी. बूट माणसांसाठी." गुडघ्यांचं ऐकलं नाहीस, दोन फेऱ्या खेळलीस. आणि मी तुझे बूट गळ्यात अडकवून उभा.

घरी येताना रिक्षात आपली जुंपली. तू म्हणालीस, "बघ, मी फॅशनच्या चाळीस वर्षं पुढे होते." मी म्हटलं, तू होतीस तिथंच उभी होतीस, फॅशन गावभर हिंडून दमून परत आली. रिक्षावाल्यालाही विचारलंस. तो बिचारा "बेउ साचा छो" म्हणून, दोघांनाही खरं ठरवून सुटला. हे भांडण आपण पुढं न्यायचं होतं. सोमवारी सोडणार होते ना तुला.

तर बूट आणायला मी घडियाळी पोळीतच गेलो. सईनं फोनवर बघून घरपोच मागवते म्हटलं होतं, मी ऐकलं नाही. मगनकाकांचा नातू बसतो आता दुकानात. काच लावलीय, दिवे लावलेत, पण तिसऱ्या गिऱ्हाइकाला अजून रस्त्यातच उभं राहावं लागतं. त्यानं मला टिकल्यांचे दाखवले, दोन मजली तळाचे दाखवले, मळके दाखवले. मी साधे पांढरे मागितले. "केटला नंबर?" "चार." हात थांबवून त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "तमे कुमुदबेनना भाई ने?"

म्हटलं, "हो."

तो स्टुलावर चढला, अगदी वरच्या फळीतून खोकं काढलं, फडक्यानं पुसलं. बांधून देताना हसत म्हणाला, "बेनने केजो, पहेरीने एक आंटो मारी जाय. दादानो नियम छे."

ताई, तू ते घालून फेरी मारायला येणार नाहीस, हे मला सांगता आलं नाही. तो इतक्या आनंदात होता. मी म्हटलं, "कहीश." सांगतो म्हणालो, आणि पोळीतून बाहेर येऊन चहाच्या टपरीपाशी उगाच उभा राहिलो. चहा घेतला नाही. टपरीवाला दोनदा "काका, चाय?" म्हणाला.

बाराव्याचा दिवस. विधी झाले, पिंड झाले, मग दानं. छत्री दिली, आसन दिलं, तांब्या दिला. मग मी खोकं उघडून बूट पाटावर ठेवले. गुरुजींनी एक हातात घेतला. त्यांच्या तळहातावर तो खेळण्यातल्यासारखा दिसत होता. त्यांनी आपल्या पायाकडे बघितलं. सहा फूट उंच माणूस तो.

"काका, हा माझ्या पायात कसा जाईल?"

खरं सांगतो, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. इतक्या वर्षांत किती घरची बारावी बघितली, तरी नाही आला. बूट तुझे, म्हणून चार नंबर आणला. ते घेणाऱ्याच्या पायात जायचे असतात, हे एखाद्या शेंबड्या पोराला कळलं असतं.

गुरुजी समजुतीनं सांगू लागले. "दान घेणाऱ्यानं वापरायचं असतं. तो चालला की तिकडं पोचतं. मी हे घरी नेऊन फळीवर ठेवले तर ताईंना काय उपयोग? अजून वेळ आहे, नऊ नंबरचे घेऊन या. पांढरेच आणा, माझी काही हरकत नाही."

त्यांचं सगळं बरोबर होतं. पण मी ऐकलं फक्त 'नऊ'. आणि माझ्या तोंडून निघालं, "नऊ नंबरात ती पडेल हो, गुरुजी."

 तुझ्या जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, त्या तोंडावर पदर धरून बसल्या. मला म्हणायचं होतं की तिचे पाय लहान आहेत, घोटा एकदा मुरगळलेला आहे, वाट आम्हांला ठाऊक नाही.  तू गेल्यापासून मी रडलो नव्हतो. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही. दाखले, फोन, येणारे-जाणारे, सगळं नीट केलं. आणि तिथं, ओल्या पंच्यावर, हातात चार नंबरचा बूट धरून, मी लहान पोरासारखा हुंदके देऊन रडलो. सुनंदा मागून पाठीवर हात फिरवत होती आणि तीही रडत होती.

गुरुजी उठले नाहीत, घाई केली नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी फोन काढला.

"आई, तुझ्या पायाचा नंबर किती गं?"

"चार. का रे?" त्यांच्या आईचा आवाज मोठा, सगळ्यांना ऐकू आला.

"दानात बूट आलेत. कॅनव्हासचे, पांढरे. घालशील का?"

"बूट? मी?" मग, "साडीवर?"

"साडीवर. ज्यांचे आहेत त्याही साडीवरच घालायच्या."

 तिकडे कुकरची शिट्टी झाली. मग त्या म्हणाल्या, "आण बाबा. या चपलेत माझ्या टाचा मरतात. लोक काय म्हणतील ते म्हणू देत."

गुरुजींनी आईच्या वतीनं बूट घेतले. संकल्पात तुझं नाव घेतलं, गोत्र घेतलं. मी पाणी सोडलं. 

आज सकाळी फोन आला. गुरुजींच्या आई. आपली त्यांची ओळखदेख नाही. त्यांनी नंबर मुलाकडून घेतला होता. आधी जरा संकोचल्या, मग बोलायला लागल्या. बूट चावत नाहीत म्हणाल्या. पहिल्या दिवशी घरातच फिरले, दार लावून. काल जिना उतरले. शेजारणी हसल्या, तर हसोत. आज भाजीवाल्यापर्यंत जाऊन आले, टाच दुखली नाही. उद्या जरा लांब जाऊन बघायचा विचार आहे.

"जाऊ ना?" असं त्यांनी मला विचारलं. मला!

दवाखान्यात जो शब्द घशात अडकला होता तो आत्ता आला. "हो," म्हटलं. "जा. पण सावकाश जा. नाडी घट्ट बांधा, आणि दम लागला की बसा कुठंतरी. घाई काही नाही."

त्यांना म्हटलं ते. तूही ऐक.